जलशापासून रॅपपर्यंत : शब्द आमचे, नाव कुणाचे?

भीमजयंतीच्या तयारीची बैठक आमच्या सिंधुदुर्गात वादाशिवाय पार पडत नाही. वर्गणी किती, मिरवणूक कुठून, मुंबईकर मंडळी कधी येणार, वक्ता कोण, यात तास-दोन तास सहज जातात. यंदा मालवण तालुक्यातील एका वाडीच्या विहारात बसलो होतो, तेव्हा वाद वेगळ्याच विषयावर पेटला. वाडीतल्या दोन पोरांनी कार्यक्रमात वीस मिनिटे मागितली. एक बारावीनंतर पर्यटकांच्या बोटीवर काम करणारा. तो लिहितो आणि बोलतो. दुसरा आयटीआय झालेला. तो लॅपटॉपवर संगीत तयार करतो. दोघांनी मिळून सहा गाण्यांचा मालवणी रॅपचा अल्बम केला आहे. खोलीच्या भिंतींना गोधड्या लावून, पंखा बंद करून, रात्री समुद्राचा आणि कुत्र्यांचा आवाज कमी झाल्यावर ही गाणी रेकॉर्ड केलेली!

आपले म्हणणे पटवण्यासाठी पोरांनी आधी स्वतःचे गाणे लावले नाही. एक तमिळ गाणे लावले. ते ऐकून आमचे ज्येष्ठ, ज्यांनी तारुण्यात गायनपार्टीत ढोलकी वाजवली आहे, ते म्हणाले, “ह्यां गाणां आसा की भांडण?” सारे हसले. पोरे मात्र हिरमुसली. शेवटी निवाडा माझ्यावर आला. वकील म्हटला की समाजाला वाटते, याला सगळेच कळते! मी आठ दिवसांची तारीख मागून घेतली आणि घरी येऊन तो तमिळ अल्बम अनुवादाच्या आधाराने पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. नंतर पोरांचाही ऐकला.

त्या तमिळ अल्बमचे नाव ‘तेरुकुरल’. तमिळमध्ये ‘तेरु’ म्हणजे रस्ता आणि ‘कुरल’ म्हणजे आवाज. तिरुवळ्ळुवरांच्या ‘तिरुक्कुरळ’ या महान ग्रंथाची आठवण हे नाव ऐकताच तमिळ माणसाला होते. त्या ग्रंथात १३३० द्विपदी आहेत. इथे तोच वारसा रस्त्यावर आणलेला. २०१९ साली आलेला हा अल्बम दोघांचा आहे. शब्द आणि आवाज अरिवू याचा. हा अरक्कोणमचा, इंजिनिअरिंग शिकलेला, उघडपणे आंबेडकरवादी असलेला तरुण. संगीत ‘ऑफ्रो’ या नावाने काम करणाऱ्या रोहित अब्राहमचे. हिप-हॉपमध्ये या दुसऱ्या माणसाला ‘प्रोड्युसर’ म्हणतात. सिनेमाचा प्रोड्युसर पैसा घालतो. इथला प्रोड्युसर ताल आणि नाद घडवतो. हा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढे कायद्याच्या दारात हाच शब्द गोंधळ घालतो.

या अल्बममध्ये ‘अँटी-इंडियन’ नावाचे गाणे आहे. प्रश्न विचारणाऱ्याला देशद्रोही ठरवण्याची जी रीत पडली आहे, तिच्यावर ते बोट ठेवते. ‘स्नोलिन’ या गाण्यामागे २२ मे २०१८ ची तुतुकुडीची घटना आहे. तांब्याच्या कारखान्याच्या प्रदूषणाविरुद्ध निघालेल्या जनतेवर पोलिसांनी गोळीबार केला. १३ जण मेले, त्यात स्नोलिन नावाची कोवळी मुलगी होती. समुद्रकाठच्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आपल्या पोरांनी तमिळ येत नसताना हे गाणे पुन्हा पुन्हा का ऐकले, हे मला तिथेच कळले.

हे वर्ष ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याच २०१९ मध्ये ‘गली बॉय’ हा हिंदी सिनेमा आला आणि प्रस्थापित माध्यमांना अचानक रॅपचा शोध लागला. त्या सिनेमात झोपडपट्टी दिसली, गरिबी दिसली. परंतु जात कुठे गेली? ‘तेरुकुरल’मध्ये मात्र जातीचे नाव घेऊन बोललेले आहे. त्यावर वृत्तपत्रांच्या पुरवण्या निघाल्या नाहीत, हे सांगायलाच नको.

अरिवू आकाशातून पडलेला नाही. ‘काला’चे दिग्दर्शक पा. रंजित यांचे नीलम कल्चरल सेंटर आणि संगीतकार टेन्मा यांनी ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा गायक-वादकांचा संच उभा केला. ६ जानेवारी २०१८ रोजी चेन्नईत त्याचा पहिला कार्यक्रम झाला. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांत अंत्ययात्रेच्या वेळी गायले जाणारे ‘गाना’ हे गाणे, ज्याला सभ्य लोक नाक मुरडत, ते या संचाने रॅपच्या शेजारी उभे केले. अरिवू याच संचातला. आणि संचाचे नाव कुठून आले? पंडित अयोती दास यांच्या ‘जातिविहीन तमिळ’ या कल्पनेतून. या अयोती दासांनी १८९८ साली बौद्ध धम्माचा मार्ग धरला आणि मद्रासेत शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. म्हणजे नागपूरच्या दीक्षाभूमीच्या ५८ वर्षे आधी! आमच्या विहारात बसून पोरांनी जे गाणे लावले, त्याची मुळे अशी थेट बुद्धापर्यंत जातात. हे सांगितल्यावर ज्येष्ठांचा पहिला आक्षेप निम्मा गळाला.

दुसरा आक्षेप : ‘हे परदेशी आहे, आपले नाही.’ रॅप परदेशी आहे हे खरेच. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क या जमैकातून आलेल्या तरुणाने बहिणीच्या मेजवानीत तबकडीवरचा ढोलाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला आणि त्यावर लोक नाचले. हिप-हॉपची जन्मतारीख म्हणून हाच दिवस सांगतात. पण त्याच्या एक वर्ष आधी, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. ते नाव आम्ही कुठून घेतले? अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून. त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला आणि शुद्ध मराठीच्या सोवळ्याला रस्त्याच्या भाषेने बाटवले. त्याही आधी, १९४६ साली, बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून तिकडच्या निग्रो जनतेने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या होत्या. आपल्यासारख्याच माणसाचे हत्यार समुद्रापलीकडून मागवण्यात बाबासाहेबांना कमीपणा वाटला नाही, तर मग आम्हाला का वाटावा?

आणि खरे सांगायचे तर सिंधुदुर्गाला रॅप परका नाहीच. इथे डबलबारी कोणाला माहीत नाही? दोन बुवा, दोन मंडळे, पेटी, पखवाज, झांज. एकाने बारी संपवताना प्रतिस्पर्ध्याला टोमणा मारायचा, दुसऱ्याने त्याचा तिथल्या तिथे समाचार घ्यायचा, आणि हजारो माणसांनी रात्रभर जागून कोण वरचढ ठरला ते पाहायचे! अमेरिकेत दोन रॅपर समोरासमोर उभे राहून जे करतात, ते आमचे बुवा कित्येक पिढ्या करत आले आहेत. धर्मांतरानंतर आमच्या वाड्यांनी देवाची भजने सोडली. पण पेटी सोडली नाही, ढोलकी सोडली नाही. त्याच वाद्यांवर भीमगीते आली. वाद्य तेच राहिले आणि विचार बदलला, हाच तर जलशाचा इतिहास आहे. भीमराव कर्डकांनी १९७८ साली लिहिलेल्या ‘आंबेडकरी जलसे’ या पुस्तकात तो सविस्तर वाचायला मिळतो. तमाशाचा साचा घेतला, त्यातला गण-गौळण बाजूला सारून समाजप्रबोधन भरले, आणि अक्षर न ओळखणाऱ्या माणसापर्यंत बाबासाहेबांचा विचार पोहोचवला. तेव्हाही कुणी तरी म्हणालेच असेल, की तमाशा तो तमाशाच!

अर्थात, म्हणून सगळे रॅप डोक्यावर घ्यावे असे नाही. गळ्यात साखळी, मागे भाड्याची मोटार आणि तोंडात बाईबद्दल घाणेरडे शब्द, असला माल बाजारात भरपूर आहे. आमच्या पोरांच्या सहापैकी एका गाण्यात असा एक शब्द होता. मी विचारले, “हा तुझ्या आईसमोर विहारात म्हणशील का?” त्याने तो कापला. उलट, जयंतीला डीजेच्या भिंती लावून आपण जे करतो, त्यात एक तरी शब्द ऐकू येतो का? छाती धडधडते, खिडक्यांच्या काचा हलतात आणि विचार शून्य. त्या डीजेवर हजारो रुपये खर्च करताना हात न आखडणाऱ्या समितीने शब्द घेऊन आलेल्या पोरांकडे वीस मिनिटांचा हिशेब मागावा, याला काय म्हणावे?

इथवरचा निवाडा सोपा होता. अवघड भाग पुढे आला. पोरगा माझ्याकडे आठव्या दिवशी आला तो हातात कागद घेऊन. एका कंपनीने मोबाईलवर करारनामा पाठवला होता. ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात.’ जगात नव्हे, विश्वात! मोबदला काय? तर ‘प्रसिद्धी’. पोरगा आनंदात होता आणि सही करणार होता.

मला त्या क्षणी कॅसेटचे दिवस आठवले. माझ्या लहानपणी वाडीत भीमगीतांच्या कॅसेटी येत. कव्हरवर गायकाचा फोटो, कंपनीचा शिक्का. ज्याने गाणे लिहिले त्याचे नाव भिंगातून शोधावे लागे आणि कधी कधी शोधूनही सापडत नसे. पण आमचा कवी हुशार होता. वामनदादा कर्डक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव गुंफत. नाव काढायचे तर ओळच मोडते. ही नाममुद्रा आमच्याकडे फार जुनी आहे. चोखोबांच्या अभंगातही ती आहे. म्हणून तर सहाशे-सातशे वर्षांनंतरही त्यांचा अभंग दुसऱ्या कुणाच्या नावावर खपवता आला नाही. कॉपीराइटचा कायदा नव्हता, कोर्ट नव्हते, तेव्हा गरिबाने शोधलेला हा कायदा होता. रॅपर गाण्याच्या सुरुवातीला आपल्या नावाची आरोळी ठोकतो आणि प्रोड्युसर आपल्या आवाजाचा एक ठसा बीटवर मारून ठेवतो, तेही दुसरे काय आहे? पोरांनी हे कुणाकडून शिकलेले नाही. पण चोखोबांचीच रीत ते चालवीत आहेत.

नाममुद्रा असूनही नाव कसे पुसले जाते, याचा धडा अरिवूनेच घेतला आहे. मार्च २०२१ मध्ये ‘एन्जॉय एन्जामी’ हे गाणे आले. संगीत संतोष नारायणन यांचे, गायिका धी आणि शब्द व आवाज अरिवूचा. सिलोनच्या चहामळ्यांत राबलेल्या आणि हातात काही न घेता परतलेल्या आपल्या आजीची, वळ्ळिअम्मांची, आणि भूमिहीनांची कहाणी त्याने त्यात घातली होती. गाणे जगभर गाजले. ऑगस्ट २०२१ मध्ये ‘रोलिंग स्टोन इंडिया’ने या यशानिमित्त मुखपृष्ठ काढले, त्यावर इतर कलावंत होते, अरिवू नव्हता! पा. रंजित यांनी जाहीरपणे आवाज उठवला, तेव्हा कुठे त्याच्यासाठी वेगळे मुखपृष्ठ निघाले. पुढच्या वर्षी, जुलै २०२२ मध्ये, चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या उद्घाटनात हे गाणे झाले, तेव्हाही तो मंचावर नव्हता. त्याने आपली खंत मांडली, तर संतोष नारायणन यांनी श्रेय आणि हक्क तिघांत सारखे आहेत अशी आपली बाजू मांडली. आणि मार्च २०२४ मध्ये याच संतोष नारायणन यांनी सांगितले की, या गाण्यातून आम्हा तिघांपैकी कुणालाच एक पैसाही मिळालेला नाही. कोट्यवधी लोकांनी ऐकलेल्या गाण्याची ही कथा! नामवंत संगीतकाराची ही गत, तर मालवणच्या बोटीवरच्या पोराला कोण विचारतो?

म्हणून वाचकांतल्या प्रत्येक लिहित्या-गात्या तरुणासाठी थोडा कायदा सांगतो. एका गाण्यात एक नव्हे, तीन मालमत्ता असतात. शब्द ही एक, संगीत ही दुसरी आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी. शब्दांचा मालक लिहिणारा, संगीताचा मालक रचणारा. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत मात्र कायदा ज्याला ‘प्रोड्युसर’ म्हणतो तो मालक, आणि हा प्रोड्युसर म्हणजे बीट बनवणारा नव्हे. तर ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ध्वनिमुद्रण करवून घेतले तो. उद्या कंपनीने स्टुडिओचा खर्च केला की ध्वनिमुद्रण तिचे झाले! पोरांनी गोधड्या लावून घरीच रेकॉर्ड केले, यात नकळत त्यांनी मोठे शहाणपण केले. आता ते ध्वनिमुद्रण दोघांचे.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. जावेद अख्तर यांनी तेव्हा राज्यसभेत गीतकारांची बाजू लावून धरली होती. या दुरुस्तीनंतर शब्दांचे वा संगीताचे हक्क लिहून दिले तरी रॉयल्टीतला समान वाटा मागण्याचा लेखकाचा अधिकार उरतोच. तो सोडून दिला असे कागदावर लिहून घेतले तरी ते कायद्यापुढे टिकत नाही. हस्तांतरण लेखी आणि सहीचेच हवे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच तर कंपन्या ‘कायमस्वरूपी’ आणि ‘विश्व’ हे शब्द आठवणीने घालतात. आणि कलम ५७ प्रमाणे, हक्क विकले तरी ‘हे मी लिहिले’ असे सांगण्याचा अधिकार विकला जात नाही. वामनदादांची नाममुद्रा अखेर कायद्यात आली ती अशी! इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सभासदत्व गीतकार आणि संगीतकार दोघांनाही घेता येते. गावात बसून घेता येते. एक सूचना प्रोड्युसर पोरासाठी : इंटरनेटवरून फुकट म्हणून उतरवलेले बीट फुकट नसते. त्याचा परवाना वाचल्याशिवाय त्यावर गाणे बांधू नये. आमच्या अल्बममध्ये असे एक बीट निघालेच. ते गाणे सध्या बाजूला ठेवले आहे.

आता शेवटची भीती, जी बैठकीत कुणी मोठ्याने बोलले नाही. पण पोराच्या बापाने मला अंगणात गाठून सांगितली. बाप कंत्राटी नोकरीत आहे. सहापैकी एक गाणे राजकोटच्या पुतळ्यावर आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजी मालवणात अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, हे साऱ्या देशाने पाहिले. नऊ महिनेही टिकला नाही. पुढे २०२५ मध्ये तिथे नवा पुतळा उभा राहिला. पोराचे गाणे महाराजांविषयी आदर ठेवून एवढेच विचारते की, साडेतीनशे वर्षे लाटा झेलणारा सिंधुदुर्ग किल्ला समोर उभा असताना आमच्या काळातले काम एवढे कच्चे का? बाप म्हणाला, “ह्यां गाणां काढूक सांगा. उद्या पोलीस इले तर?”

ही भीती निराधार आहे असे मी म्हणालो नाही. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपरांवर राजकीय गाण्यांसाठी गुन्हे दाखल झाले, हे आपण पाहिले आहे. शाहिरांना तुरुंग नवा नाही. कबीर कला मंचाच्या कलावंतांनी तर त्याची किंमत वर्षांत मोजली आहे. पण बापाला मी दुसरी बाजूही सांगितली. २८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा कवितेवरून दाखल झालेला गुन्हा रद्द केला. शब्दांचा परिणाम कमकुवत मनाच्या माणसाच्या नव्हे, तर खंबीर आणि विचारी माणसाच्या मापाने मोजायचा, असे न्यायालयाने म्हटले. शब्दांवरून गुन्हा नोंदवायचा असेल आणि शिक्षा तीन ते सात वर्षांच्या टप्प्यातली असेल, तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे आधी प्राथमिक चौकशी करणेच योग्य. त्यासाठी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी आणि चौदा दिवसांची मुदत आहे. कागदावरचा हा निकाल प्रत्येक ठाण्यात वाचला जातो असे नव्हे. पण गाण्याची प्रत, लिहिल्याची तारीख आणि वकिलाचा नंबर जवळ ठेवून बोलणाऱ्या पोराला उगाच घाबरवणे तितके सोपे राहिलेले नाही. बापाने बराच वेळ काही म्हटले नाही. मग म्हणाला, “त्यात कोणाचा नाव नाय मा?” मी म्हणालो, नाही. “मग ऱ्हांवदे.”

कंपनीला पोरांनी नकार कळवला. त्याऐवजी दोघांत आपसांतला करारनामा मी मुद्रांक कागदावर करून द्यायचे ठरले : शब्द एकाचे, संगीत दुसऱ्याचे, ध्वनिमुद्रण दोघांचे निम्मे-निम्मे, प्रत्येक ठिकाणी दोन्ही नावे, सारख्या अक्षरांत. बैठकीत मी माझा निवाडा दिला. त्रिशरण-पंचशील झाल्यावर, लहान मुलांच्या भाषणांआधी, पंधरा मिनिटे. वीस मागितली होती. तडजोड कुठे नसते?

जयंतीच्या चार दिवस आधी विहारात तालीम होती. पोरांनी लॅपटॉप लावला. गाण्याच्या मध्यावर ढोलकी वाजू लागली, तसे आमचे ज्येष्ठ पुढे सरकून बसले. कान देऊन ऐकले. ती ढोलकी खरी नाही, यंत्रातली आहे, हे त्यांना दोन आवर्तनांत कळले. “लॅपटॉप कित्याक?” ते म्हणाले, “मी वाजयतंय मा.” आणि माळ्यावरची ढोलकी काढायला नातवाला पिटाळले.

रात्री घरी येऊन मी करारनाम्याचा मसुदा पुन्हा उघडला. कायद्यात वादकालाही हक्क आहे. तिसरे नाव घालावे लागले, आणि निम्म्याचे हिशेब नव्याने मांडावे लागले.